ढोरगुंज, उदासी आणि पुरावा

करमाळ्याच्या बाजूला, माळावर किंवा बांधाच्या कडेला ढोरगुंजेचे झुडूप आपण पाहिले असेल. हीच अश्वगंधा. मन उदास राहते, तर अश्वगंधा घ्या, हा सल्ला हल्ली कुठेही मिळतो. घेतली आणि बरे वाटले, असे सांगणारेही भेटतात. ते खोटे बोलत नसतात. प्रश्न एवढाच, की बरे वाटले ते मुळीमुळेच का?

मे महिन्यात विहीर आटली म्हणून कुणी नारळ वाहिला आणि ऑगस्टमध्ये पाणी आले, तर श्रेय कोणाला? नैराश्यही कमीजास्त होत राहते. माणूस उपाय शोधतो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत. त्यानंतरचे दिवस एरवीही थोडे बरे जाण्याची शक्यता असते. शिवाय कुणी विचारपूस केली, आशा वाटली, याचाही परिणाम होतो. म्हणून चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला ठाऊक नसते.

नैराश्यासाठी सर्वांत जास्त तपासली गेलेली वनस्पती म्हणजे युरोपातील हायपेरिकम. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ३४० रुग्ण होते. आठ आठवड्यांनी पूर्ण सुधारणा झालेले रुग्ण असे : हायपेरिकम २४ टक्के, सर्ट्रलीन हे प्रचलित औषध २५ टक्के आणि नुसती गोळी ३२ टक्के! घाईने वाचले तर वनस्पती निरुपयोगी ठरते. पण मग सर्ट्रलीनही निरुपयोगी म्हणावे लागेल, आणि इतर अनेक चाचण्या तसे सांगत नाहीत. म्हणजे या चाचणीला फरक दाखवता आला नाही, इतकेच. २००८ साली २९ चाचण्या (५४८९ रुग्ण) एकत्र तपासल्या, तेव्हा हायपेरिकम नुसत्या गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित औषधांच्या बरोबरीचे दिसले. मात्र जर्मन भाषक देशांतील निकाल इतरांपेक्षा अधिक अनुकूल होते. असे का, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

अश्वगंधेचा पुरावा याहून बराच तोकडा आहे. २०१२ सालची, नेहमी उद्धृत होणारी भारतीय चाचणी ६४ जणांवर, ६० दिवसांची होती. आणि तीही ताणाविषयी. ताण म्हणजे नैराश्य नव्हे.

'झाडपाला आहे, अपाय कसला?' हे मात्र अजिबात मान्य करू नये. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. (१९५५ सालच्या लंडनमधील एका चाचणीत तर उलटेच, चिंताग्रस्त व उदास रुग्णांना त्याने फायदा झालेला दिसला. वाद अजून मिटलेला नाही.) हायपेरिकम यकृतातील विकरे वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांसारखी औषधे शरीरातून लवकर नाहीशी होतात. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

तेव्हा कुणी मुळी घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, आणि चालू गोळ्या परस्पर थांबवू नयेत. एखादा विद्यार्थी आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तो शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावा.