नागपूरचे पहिले बिशप आणि आपले बऱ्हाणपूर

आज आपला कारभार भोपाळहून चालतो. पण 1956 पर्यंत आपला निमाड जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी होती नागपूर. अँग्लिकन चर्चची व्यवस्थाही याच धाग्याने बांधलेली होती.

इंग्लंडमध्ये या चर्चच्या प्रमुख बिशपांना आर्चबिशप म्हणतात. भारतात तो मान कलकत्त्याच्या बिशपांचा. त्यांना ‘मेट्रोपॉलिटन’ म्हणत. त्यांच्या हाताखाली ठिकठिकाणचे बिशप असत. 1903 मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाले आणि मध्य प्रांतातील निमाडही त्यांच्याकडे आला.

ते पहिले बिशप म्हणजे आयर चॅटरटन. जन्म 1863, आयर्लंड. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून ते तेथील विद्यापीठाच्या मिशनबरोबर छोटा नागपूर भागातील हजारीबागला आले. नागपूरची जबाबदारी त्यांनी 1926 पर्यंत, म्हणजे 23 वर्षे सांभाळली. 1950 मध्ये त्यांचे निधन झाले.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी त्यांचे ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ (1916) जरूर पाहावे. गोंड राजांची हकिकत त्यात आहे. लिहिणारा परदेशी धर्मगुरू आहे, हे मात्र वाचताना विसरू नये.

पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच अँग्लिकन आणि इतर काही चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. तोवर आपण वेगळ्या राज्यात होतो. म्हणून गावाचा किंवा घराण्याचा 1956 पूर्वीचा इतिहास शोधणाऱ्या आपल्या मुलांनी भोपाळबरोबर नागपूरचेही दार ठोठवावे.