तापीचे पाणी आणि सातपुड्याचे रान

आषाढ शुद्ध सप्तमीला आपल्या सुरतेत तापीमातेचा जन्मदिवस साजरा होतो. घाटावर आरती होते, नदीस चुनडी अर्पण करतात, आणि आमच्या संस्थेच्या भगिनीही त्यात भक्तिभावाने सामील होतात. परंतु ही माता येथवर येते कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. महोत्सवी निधीतील काही रक्कम सातपुड्याकडील एखाद्या गावाच्या वनरक्षणास द्यावी, अशी सूचना पुढे आली, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "सुरतेचा पैसा तिकडच्या डोंगरावर कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते व सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्रास मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरांचे. त्यापैकी ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्यास चार हजारही येत नाही. म्हणजे सुरतेत आपण नळाखाली जो हंडा धरतो, त्यातील पुष्कळसे पाणी जळगाव, धुळे, अकोला, अमरावतीकडे पडलेला पाऊस होय. आपल्यातील कितीतरी कुटुंबे पोटासाठी खानदेशातून येथे आली. पाणी त्यांच्या आधीपासून येतच होते!

या खोऱ्यातील मोठे रान म्हणजे मेळघाट, देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तेथील सिपना, गडगा, खापरा या नद्या तापीलाच मिळतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीचे नावच झाडावरून पडलेले!

रान पाण्याचे काय करते, हे गृहिणींस घरच्या घरी पाहता येईल. पालथ्या परातीवर तांब्याभर पाणी ओतावे, आणि तेवढेच जाड गोणपाटावर ओतावे. परातीवरचे तत्काळ चोहोंकडे पळते. गोणपाट ते धरून ठेवते व हळूहळू सोडते. पानांचा पाचोळा, मुळे व भुसभुशीत माती मिळून डोंगरावर असे गोणपाटच अंथरलेले असते. तेथे मुरलेले पाणी पावसाळा सरल्यावरही झिरपत राहते, ओढे उशिरापर्यंत वाहतात. उघड्या डोंगरावरून मात्र पाणी माती घेऊन धावते. तो गाळ १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणात बसतो व धरणाची साठवण कमी करतो. जी बारीक माती तळाशी बसत नाही ती पाण्याबरोबर खाली येते, आणि जलशुद्धीकरणात तुरटीचा खर्च वाढतो.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. झाडे स्वतःही पाणी पितात. रानामुळे एकूण पाणी वाढतेच असे नाही, ते स्वच्छ व सावकाश मिळते. ऑगस्ट २००६ च्या महापुरासारखा पूर केवळ रान थोपवू शकले असते, असेही आम्ही म्हणणार नाही. आणि सिंगणपोरच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात जी जलपर्णी माजते, तिचा दोष सातपुड्यास देता येणार नाही. सांडपाण्याची जबाबदारी खालच्यांचीच.

तथापि वरच्या रानासाठी खालच्यांनी पैसा देणे ही काही नवी कल्पना नव्हे. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली कॅट्सकिल डोंगराकडील गावांशी करार केला. अब्जावधी डॉलरांचे गाळणीकेंद्र उभारण्याऐवजी तेथील जमिनी व ओढे राखण्यावर शहराने खर्च केला, आणि आजही त्या शहराचे बहुतेक पाणी न गाळता पुरविले जाते. सुरतेला गाळणी सोडता येणार नाही. आपली नदी शेकडो गावे व शेते ओलांडून येते. परंतु गाळणीवरचा भार हलका करता येईल.

आपल्याकडचा दाखला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याचा. १९९० च्या सुमारास तेथील रान उजाड झाले होते, पाण्यासाठी बायकांची वणवण होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी स्वतः नियम केले, तोड करणारास दंड ठेवला, पाळीने राखण केली. रान परतले, आणि पुढे या गावाने शेजारच्या गावांनाही पाणी दिले. श्री. पवार यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. येथे खर्च रोपांवर थोडा आणि राखणीवर अधिक होतो, हे देणगीदारांनी ध्यानी घ्यावे. लावलेली झाडे मोजता येतात, राखलेली मोजण्याची आपणांस सवय नाही.

ही सूचना वार्षिक सभेपुढे येईल. ज्या सभासदांचे मूळ गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, त्यांनी गावच्या ओढ्याचे नाव, तो पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे व आता कधी आटतो, एवढे वडीलधाऱ्यांस विचारून कार्यालयात लिहून द्यावे. कोणत्या गावापासून आरंभ करावा, हे त्यावरून ठरवता येईल.