‘आमचा बंद बोअर आहे की!’

निरीक्षण बोअरसाठी जागा बघायला कुठल्याही गावात गेलं, की चहा यायच्या आत कोणीतरी बांधाकडे बोट दाखवतं. “साहेब, आमचा बंद बोअर आहे की. साडेतीनशे फूट आहे. त्यातच टेप सोडा, नवा कशाला मारता?” शेतकऱ्याने हे म्हणावं हे मी समजू शकतो, त्याचे पैसे त्या भोकात गेलेले असतात. पण हेच वाक्य भूजलाचा अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्याकडून ऐकलं, की माझा संयम सुटतो.

आपल्या राज्याचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टवर बसला आहे. हा खडक एकसंध नाही. वर मुरूम, खाली सच्छिद्र मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, मध्येच गेरूचा तांबडा थर आणि पुन्हा मांजऱ्या. पाणी धरणारे थर वेगळे, त्यांतलं पाणी वेगळं, त्याचा दाबही वेगळा. शेतीच्या बोअरला केसिंग असतं ते मुरूम ढासळू नये एवढ्यापुरतं; त्याखाली उघडं भोक. म्हणजे निसर्गाने वेगळे ठेवलेले दोन-तीन थर आपण गाडी लावून एकमेकांना जोडून दिले. उन्हाळ्यात अशा बोअरच्या तोंडाशी कान लावा. वरच्या थरातलं पाणी खाली टपटपताना ऐकू येतं. टेपवर जो आकडा येतो, तो वरच्या थराचा नसतो आणि खालच्याचाही नसतो. शिवाय वरच्या थरात शेतातलं नायट्रेट असेल, तर ते याच वाटेने खाली उतरतं. प्रदूषण मोजायला निवडलेलं भोकच प्रदूषणाची वाट होऊन बसतं.

अशा बोअरचं काय करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगून ठेवलं आहे: तळापासून जमिनीपर्यंत भरून टाका. तो आदेश लहान मुलं त्यात पडू नयेत म्हणून होता. भूजलाचंही त्यात भलं आहे.

खरा निरीक्षण बोअर एकाच थराशी बोलतो. साडेसहा इंची भोकात चार इंची पीव्हीसी पाइप उतरवतात. जो थर मोजायचा, तेवढ्याच खोलीवर पाइपला बारीक चिरा. त्या भागाभोवती धुतलेली जाड वाळू. तिच्यावर बेंटोनाइटच्या गोळ्या; ही माती पाण्यात फुगते आणि वरून येणारी वाट बंद करते. त्याच्यावर जमिनीपर्यंत सिमेंटचं पातळ मिश्रण. मग कॉम्प्रेसरने हवा मारून, निवळ पाणी येईपर्यंत गाळ उपसायचा. सगळा खर्च आणि सगळी भांडणं त्या बेंटोनाइटपाशी होतात, कारण ते नंतर दिसत नाही.

“मग सरकार साध्या विहिरीत कसं मोजतं?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. खोदलेली विहीर उथळ असते. तिचा संबंध बहुधा वरच्या थराशीच येतो. त्या थरापुरता तिचा आकडा चालतो. खालच्या थराबद्दल ती काही सांगू शकत नाही.

दुसरा हट्टी समज नमुन्याचा: बाटली बुडवली, झाकण लावलं, झालं. पाइपमध्ये महिनोन् महिने उभं राहिलेलं पाणी म्हणजे थरातलं पाणी नव्हे. जुना नियम असा, की पाइपमधल्या पाण्याच्या तिप्पट उपसा. चार इंची पाइपमध्ये 30 मीटर पाणी उभं असेल, तर ते साधारण 235 लिटर भरतं. तिप्पट म्हणजे 700 लिटर, 20 लिटरच्या 35 बादल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1996 साली प्रसिद्ध केलेली पद्धत वेगळी आहे: चिरांच्या खोलीवर पंप ठेवून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही हळू उपसा करा, पातळी फारशी पडू देऊ नका, आणि सामू, विद्युतवाहकता वगैरे लागोपाठ तीन वेळा स्थिर येईपर्यंत थांबा. विद्युतवाहकतेत 3 टक्के फरक चालतो. हे थांबणं कंटाळवाणं असतं, आणि नेमकं तेच गाळलं जातं.

लोहयुक्त पाणी भरताना काचेसारखं दिसतं. संध्याकाळी त्याच बाटलीच्या तळाशी तांबूस साका असतो. लोह हवेला लागून खाली बसलं, जाताना आर्सेनिकही घेऊन गेलं. प्रयोगशाळेत गेलं ते उरलेलं पाणी. म्हणून विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना जागेवरच गाळायचा आणि मग नायट्रिक आम्ल घालायचं. आधी आम्ल घातलं, तर गढूळ मातीतले धातूही विरघळतात आणि अहवाल उगाच भीतिदायक होतो.

बाकीचे समज थोडक्यात. पाणी 200 फुटांवर ‘लागलं’ म्हणजे पातळी 200 फूट नव्हे. दाबाखालचं पाणी 60 फुटांपर्यंतही चढून येतं. गोड पाणी म्हणजे चांगलं, असंही नाही: नायट्रेटला चव नसते, आणि आयएस 10500 या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. कचरा डेपोला एक बोअर पुरत नाही. पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला किमान तीन लागतात, तेही एका रेषेत नकोत.

आणि झाकणाला कुलूप कशाला, पाणी कोण चोरणार? चोरत कोणीच नाही. दगड टाकतात. पाणी किती खोल आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकून बघायचं असतं.