खटका पडतो, कारण करंट गळतो

मृगाचा पहिला पाऊस पडून गेलेला असतो. चुलीवर भाकरी चाललेल्या, मुले अभ्यासाला बसलेली, आणि ‘टक्‌’ असा आवाज होऊन सारे घर अंधारात जाते. बाहेर पाहावे तर गल्लीतले दिवे लागलेले आहेत, शेजारी टीव्हीही चालू आहे. काळोख फक्त आपल्याच घरात. घरधनी मीटरपेटीपाशी जाऊन खटका वर करतात, दिवे लागतात, आणि ताटे वाढून होतात न होतात तोच पुन्हा ‘टक्‌’. असे दोन-चार दिवस चालले की कोणीतरी शहाणा सल्ला देतो, “खटकाच खराब हाय. काढून टाका अन्‌ वायर डायरेक्ट करून घ्या.” दहा मिनिटांचे काम असते. त्यानंतर खटका पडत नाही, आणि सगळ्यांना वाटते की बिघाड दुरुस्त झाला.

वाचकहो, बिघाड तिथेच असतो. तो सांगणारा तेवढा आपण घराबाहेर काढलेला असतो.

पेटीत दोन प्रकारचे खटके असतात, हे आधी ध्यानात घ्या. लहान अरुंद खटके म्हणजे एमसीबी. ते जुन्या फ्यूजचे काम करतात, म्हणजे भार फार झाला किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर पडतात. दुसरा त्याहून रुंद असतो आणि त्यावर ‘टेस्ट’ किंवा ‘टी’ लिहिलेले छोटे बटन असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. तुमचा पडतो तो कोणता, हे पहिल्यांदा पाहा. लहान पडत असेल तर कारण वेगळे. रुंद पडत असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

या रुंद खटक्याचे काम हिशेबनिसासारखे आहे. फेजच्या तारेतून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत आला पाहिजे. कमी आला, तर मधला कुठेतरी जमिनीत गेला: ओल्या भिंतीतून, कूलरच्या पत्र्यातून, नाहीतर एखाद्या माणसाच्या अंगातून. घरांसाठीच्या खटक्यावर बहुधा ३० मिलीअँपियर असे छापलेले असते. हिशेबात तेवढी तूट आली की तो सेकंदाच्या एका लहान अंशात वीज तोडतो. ३० मिलीअँपियर म्हणजे किती? नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब सुमारे ४० घेतो, त्याहूनही कमी.

एवढा बारीक हिशेब का ठेवायचा, असे कोणी विचारील. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी किती करंटला धरलेली तार हातातून सुटत नाही, हे माणसांवर प्रयोग करून मोजले होते. पुरुषांचा हात सरासरीने सुमारे १६ मिलीअँपियरपर्यंत सुटतो, स्त्रियांचा सुमारे १० पर्यंतच. त्यापुढे स्नायू आखडतात आणि माणूस चिकटून राहतो. आता तुमच्या १६ अँपियरच्या एमसीबीकडे पाहा. १६ अँपियर म्हणजे १६,००० मिलीअँपियर. समोर माणूस चिकटला तरी त्या खटक्याला पत्ता लागत नाही. फ्यूजचेही तसेच. रुंद खटका असला तरी झटका बसतच नाही असे नाही. पण तो लगेच तोडतो, म्हणून जीव वाचण्याची आशा असते.

तेव्हा गळती कुठे आहे ते शोधायचे. खटका केव्हा पडतो, यावरूनच अर्धे उत्तर मिळते. अशा वेळी घरातल्या बायांना विचारावे, कारण दिवसभर घरात त्याच असतात आणि “गिझर लावला की जातो” हे त्यांना पाठ असते. पावसानंतर किंवा पहाटे पडत असेल तर ओल: अंगणातला दिवा, न्हाणीघराचा बोर्ड, पत्र्याखाली पाणी झिरपणारा जोड. अवेळी, कधीही पडत असेल तर उंदराने कुरतडलेली वायर किंवा बोर्डात शिरलेली पाल. वीज येताक्षणीच पडत असेल तर त्या वेळी प्लग लागलेले एखादे उपकरण.

उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे पहिला संशय कूलरवर घ्यावा. पत्र्याचे अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि अवतीभवती ओली फरशी. गळतीला याहून सोयीची जागा नाही. घाटाखाली नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या खारपाणपट्ट्यात तर आणखी एक गोष्ट होते. खाऱ्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहते, आणि पाणी उडून गेले की क्षार पंपाच्या जोडांवर साचून राहतो. पाणी तापवायच्या रॉडवर आणि गिझरच्या आतही तोच थर बसतो, आणि पुढे तो भाग चिरतो.

आता प्रत्यक्ष शोध. दिवसाउजेडी करा. हात कोरडे, पायात चप्पल, खाली कोरडी फळी. मेन बंद करून घरातील प्रत्येक प्लग उपटून काढा. नुसते बटन बंद करून भागत नाही, कारण बोर्डाचे बटन फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. फ्रिज, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, सगळे काढा. मग मेन चालू करून रुंद खटका वर करा. तो टिकला तर वायरिंग बहुधा ठीक आहे आणि चोर उपकरणांत आहे. एकेक लावत जा. घाई करू नका, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. इस्त्री, गिझर यांची गळती पुष्कळदा ती तापल्यावरच सुरू होते. ज्याच्यावर खटका पडेल ते बाजूला ठेवा आणि दुरुस्त झाल्याशिवाय पुन्हा लावू नका.

सगळे प्लग काढूनही खटका टिकत नसेल, तर सगळे एमसीबी खाली करा, रुंद खटका वर करा आणि एमसीबी एकेक वर घ्या. ज्यावर पडेल त्या खोलीच्या तारांत दोष. सगळे खाली असतानाही पडला, तर न्यूट्रल कुठेतरी जमिनीला चिकटली आहे किंवा खटकाच गेला आहे. इथे थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. त्याच्याकडे मेगर नावाचे यंत्र असते, त्याने तारेचे आवरण तपासता येते. घरच्या बोअरमधली पाणबुडी मोटर आणि इन्व्हर्टर यांचे जोडही त्यालाच पाहू द्या. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल चुकीच्या जागी जोडली गेली तर कुठेच गळती नसताना खटका पडतो, आणि घरचे लोक महिनाभर कूलर बदलत बसतात.

कधी कधी एकच मोठी गळती नसते. टीव्ही थोडी, फ्रिज थोडी, जुनी वायर थोडी, अशी बेरीज होते आणि मग क्षुल्लक निमित्ताने खटका पडतो. अशा वेळी वायरमन घराच्या दोन भागांना दोन वेगळे खटके देऊ शकतो.

एक सवय आपल्या खेड्यांत फार आहे. न्यूट्रल मिळाली नाही की जमिनीत सळई ठोकून ‘अर्थिंग’वर बल्ब लावायचा. असा दिवा घरच्या लाइनवर लावला की रुंद खटका हमखास पडणार, कारण त्याचा सगळा करंट जमिनीतच जातो. खटक्याचे बरोबर आहे. ती सळई आणि तिच्याभोवतालची ओली जमीन माणसाला आणि बैलाला धोक्याची असते, विशेषतः तिची तार निसटली तर.

खरी अर्थिंग निराळी. कूलर, फ्रिज, मोटर यांच्या पत्र्याला जोडून जमिनीत नेलेली तिसरी तार, ती खरी अर्थिंग. ती असेल तर कूलरच्या अंगात करंट उतरताच तो जमिनीत जातो आणि कोणी हात लावण्याआधीच खटका पडतो. ती नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांचा बसवला असेल, तर खटका शांत राहतो आणि कूलर करंट धरून वाट पाहतो. पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून मग तो वाट काढतो. कूलरला हात कोण लावते? पाणी ओतणारी बाई आणि खेळणारे पोर. म्हणून पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालावे.

‘टेस्ट’चे बटन महिन्यातून एकदा, वीज असताना दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर तो निकामी आहे, बदला.

आणि खटका चांगला असला तरी त्याच्या आधीच्या तारेवर त्याचा ताबा नसतो. खांबापासून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या छपराला घासते का, कपडे वाळत घालायची लोखंडी तार तिच्याजवळून जाते का, हे पावसाआधी दुरूनच पाहून घ्या. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधा. सर्व्हिस वायरचे आवरण गेलेले दिसले तर तिला हात लावू नका, महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा, आणि लाइनमन येईपर्यंत पोरांना त्या भिंतीकडे जाऊ देऊ नका.