दहा राज्यं ओलांडणारी सायकल

१९७६ साली अमेरिका दोनशे वर्षांची झाली. रोषणाई, भाषणं, संचलनं असं सगळं यथासांग पार पडलं. पण त्याच उन्हाळ्यात चार हजारांवर माणसं सायकली घेऊन बाहेर पडली आणि तो अवाढव्य देश आडवा कापू लागली. त्यांतल्या सुमारे दोन हजारांनी ही वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी केली.

वाट थोडीथोडकी नव्हे. ऑरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनपर्यंत ४,२०० मैलांच्या आसपास, म्हणजे पावणेसात हजार किलोमीटर, आणि मध्ये दहा राज्यं. आजही 'ट्रान्सअमेरिका ट्रेल' या नावानं लोक ती करतात. दोन-तीन महिने लागतात. निघताना मागचं चाक समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं, असा रिवाज आहे.

कल्पना सुचली ती मेक्सिकोत, १९७३ मध्ये. सिपल आणि बर्डन ही दोन तरुण जोडपी अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे सायकलनं चालली होती. ग्रेग सिपल यांचा पहिला बेत अगदी सोपा होता. वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची, अमुक तारखेला सकाळी नऊ वाजता सॅन फ्रान्सिस्कोच्या बागेत सायकल घेऊन या, आणि निघायचं! (असला प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो शेऱ्यासकट परत पाठवला असता.) पुढे त्याला रीतसर रूप आलं. गट ठरले, नकाशे निघाले, मुक्कामाच्या जागा हेरल्या गेल्या. मोठे हमरस्ते शक्य तिथे टाळून गावागावांतून जाणाऱ्या आडवाटा त्यांनी निवडल्या. या मार्गाचा जीव त्या निवडीत आहे, असं मला वाटतं.

सर्वांत उंच जागा म्हणजे कोलोरॅडोतली हूझियर खिंड, साडेतीन हजार मीटरची. पण गंमत अशी, की घाम फोडतात ते मिझुरी, केंटकी आणि व्हर्जिनियातले बुटके डोंगर. रॉकी पर्वतातले रस्ते वळसे घेत हळूहळू चढतात. इकडचे सरळ अंगावर येतात. कॅन्ससमध्ये चढ नाही, पण वारा आहे. केंटकीत अंगणातली कुत्री मागे लागतात, तो अनुभव मात्र आपल्याला नवा नाही.

रात्र कुठे काढायची? गावच्या बागेत तंबू ठोकावा, चर्चच्या सभागृहात पथारी पसरावी, अग्निशमन केंद्रात विचारावं. मिझुरीतल्या फार्मिंग्टन गावी तर जुन्या तुरुंगाच्या इमारतीत सायकलवाल्यांचं वसतिगृह आहे. बँकेत पाच हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार मागण्यात माझी उमेद गेली. अनोळखी, घामट माणसाला एखादं गाव दार उघडतं कसं, याचं मला कुतूहल आहे.

व्हर्जिनियातल्या आफ्टन इथली जून करी यांची गोष्ट त्यासाठीच सांगायची. घर दमछाक करणाऱ्या चढावर. १९७६ मध्ये तहानलेले सायकलस्वार दारात येऊ लागले, तेव्हा या बाप-लेकींनी त्यांना पाणी द्यायला सुरुवात केली. मग जूनबाई कुकीज भाजू लागल्या. पुढे शेजारचं घरच त्यांनी या पाहुण्यांना मोकळं करून दिलं. तिथल्या भिंती पाहुण्यांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांनी भरून गेल्या. हे त्यांनी किती वर्षं केलं? तीसहून अधिक. २०१२ मध्ये त्या गेल्या.

सगळंच असं गोड नाही. रस्ता मोटारींचाही आहे. २०१४ पासून याच वाटेवर शर्यत सुरू झाली. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये मोटारीच्या धडकेनं एक स्पर्धक दगावला. त्याच्या आदल्या वर्षी लेल विलकॉक्स या तरुणीनं अठरा दिवस आणि दहा मिनिटांत सगळ्या पुरुषांना मागे टाकून पहिला नंबर पटकावला होता. शेवटच्या टप्प्यात पुढे असलेला गडी झोपेतून उठून अर्धवट गुंगीत उलट्या दिशेनं निघाला आणि समोरून येणाऱ्या हिलाच भेटला. आपण बरोबरीनं पोचू या का, असं त्यानं सुचवलं. ही शर्यत आहे, असं सांगून ती पुढे निघून गेली!

वाट संपते यॉर्कटाऊनच्या विजयस्तंभापाशी. १७८१ मध्ये इथे लॉर्ड कॉर्नवॉलिसचं सैन्य शरण आलं. साहेब स्वतः आजारपणाचं कारण सांगून समारंभाला फिरकलेच नाहीत. हेच गृहस्थ पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आले. टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्यांच्या जोडीला होते. त्यांची कबर गाझीपूरला आहे, गंगेच्या काठी.