मनातला आवाज मायेचा हवा, आणि खराही

लेखमाला : उमलत्या वयाशी संवाद – लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण वाढत्या वयातल्या बुजरेपणाबद्दल बोललो. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणं, चारचौघांत बोलायची वेळ आली की पोटात गोळा येणं, स्पर्धेला नाव द्यायचं आणि आदल्या दिवशी आजारी पडायचं, हे सगळं पालकांच्या आणि शिक्षकांच्या परिचयाचं आहे. आज त्याच्या मुळाशी जाऊ.

मुलं गप्प असतात तेव्हाही बोलत असतात, स्वतःशी. ‘मला नाही जमणार.’ ‘मी बोललो तर सगळे हसतील.’ ‘मी ढच आहे.’ ही वाक्यं दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाहीत, म्हणून कोणी ती खोडूनही काढत नाही. दिवसभरात पुन्हा पुन्हा म्हटली गेल्यामुळे मुलांना ती हळूहळू खरी वाटू लागतात. दहावीच्या वर्षात तर हा आवाज फार वाढतो. त्याच्याशी कसं वागायचं, हा आजचा विषय आहे.

हा आवाज येतो कुठून?

तीन-चार वर्षांचं मूल खेळताना मोठ्यानं स्वतःशी बोलतं. ‘हे इथे ठेवू... पडलं... परत लावू.’ रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी या बोलण्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांची मांडणी अशी : मूल आधी इतरांशी बोलायला शिकतं, मग तेच बोलणं स्वतःला उद्देशून मोठ्यानं करतं, आणि शाळेच्या वयात ते बोलणं हळूहळू मनात जातं. आपण ज्याला मनातला आवाज म्हणतो, तो आधी घरात, अंगणात, वर्गात कोणीतरी मोठ्यानं उच्चारलेला असतो.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली तर मुलांना ‘आत्मविश्वास ठेव’ असं नुसतं सांगणं किती अपुरं आहे ते कळेल. पेण किंवा रोह्याच्या एखाद्या कॉलेजात खाडीपट्ट्यातल्या गावातून एक मुलगा येतो. घरी आगरी बोलतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘मना’ निघतं आणि वर्ग हसतो. हसणारे दोन मिनिटांत विसरून जातात. तो मात्र पुढे वर्षभर बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासत बसतो आणि शेवटी बोलतच नाही. ‘माझं बोलणं गावंढळ आहे’ हे वाक्य त्यानं स्वतः शोधून काढलेलं नसतं. ते त्याला दिलं गेलेलं असतं.

घरातही अशी वाक्यं सहज दिली जातात. ‘तुझ्याच्यानं काय होणार?’ ‘शेजारच्या मुलाकडे बघ.’ बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते, मुलांच्या मनात उरतो तो निकाल. आई-वडील घरी नसतानाही तो निकाल ऐकू येत राहतो.

गागोद्याच्या मुलाला आई काय म्हणाली

बाहेरून आलेलं वाक्य मुलांना खचवू शकतं, तसं ते उभंही करू शकतं. याचं एक ठळक उदाहरण पेण तालुक्यातलंच आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावी झाला. लहानपणची काही वर्षं तिथे काढून ते वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला गेले. त्यांच्या आईचं नाव रुक्मिणीबाई. त्यांना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. मुलानं मराठी पद्यातला अनुवाद आणून दिला, तोही त्यांना अवघड गेला. तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या की मग तूच का करत नाहीस सोपा अनुवाद, तुला जमेल.

१९१८ साली रुक्मिणीबाई गेल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहिली ती १९३०-३१ मध्ये, म्हणजे आईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. आईच्या त्या विश्वासाला ते या ग्रंथाचं मूळ मानत. आई निघून गेली, तरी तिचं वाक्य मुलाच्या मनात काम करत राहिलं.

रुक्मिणीबाईंनी ‘तू जगातला सर्वांत हुशार मुलगा आहेस’ असं म्हटलं नव्हतं. मुलाचा अभ्यास त्या रोज पाहत होत्या. त्या पाहण्यातून त्यांनी एक नेमकं काम सांगितलं आणि ते तुला जमेल असं म्हटलं. मुलांना पेलतं ते असं बोलणं.

पोकळ स्तुती बाधते

आजकाल सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी सर्वोत्तम आहे’ असं म्हणायला मुलांना शिकवलं जातं. हेतू चांगला आहे, पण या उपायाची एक बाजू पालकांना माहीत असायला हवी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहभागी लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्याविरुद्ध पुरावे काढू लागतं. ज्या मुलांना या उपायाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच तो त्रास देतो.

म्हणून स्वतःशी बोलायचं वाक्य आधी खरं असावं, मग मायेचं. ‘मला गणित जमतच नाही’ हे वाक्य खरं नाही, कारण बेरीज-वजाबाकीपासून टक्केवारीपर्यंत बरंच गणित जमलेलं असतं. ‘मी गणितात हुशार आहे’ हेही आज खरं नाही. खरं वाक्य असं आहे : ‘मला त्रिकोणमिती अजून जमलेली नाही. आज दोन उदाहरणं सोडवीन आणि अडलेली पायरी उद्या बाईंना विचारीन.’ यात दोष लपवलेला नाही, स्वतःला हिणवलेलंही नाही, आणि पुढे काय करायचं ते सांगितलेलं आहे.

आणखी एक साधी रीत उपयोगी पडते. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना थोड्या वेळात भाषणाची तयारी करायला सांगितली. तयारी करताना जे ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन स्वतःशी बोलले, त्यांची घबराट कमी राहिली आणि भाषणही अधिक चांगलं झालं. नावानं बोललं की आपण स्वतःकडे मित्राच्या जागेवरून पाहू लागतो, आणि मित्राला आपण सहसा ‘तू ढ आहेस’ म्हणत नाही. त्याला म्हणतो, ‘घाबरू नकोस, पहिलं वाक्य पाठ आहे ना, तिथून सुरुवात कर.’ तोंडी परीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला हे करता येईल.

कारखान्यात घडणारा विश्वास

बोलण्याला कामाची जोड हवीच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला करता येईल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कोणाला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला स्रोत सर्वांत बलवान आहे.

तो कसा काम करतो ते पेण, हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत पाहायला मिळतं. घरच्या कारखान्यात सुट्टीत हात लावू लागलेल्या मुलाकडे कोणी पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या आखणीचा ब्रश देत नाही. आधी साच्यातून निघालेली मूर्ती घासून गुळगुळीत करायची. मग अंगाचा सपाट रंग, मग शेला-पितांबराचे काठ, दागिने. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, कारण मूर्तीचा सगळा भाव तिथे असतो. प्रत्येक टप्प्यावर केलेलं काम डोळ्यांसमोर असतं. काठ वाकडा गेला तर पुसून पुन्हा काढता येतो. काही हंगामांनी आखणीचा ब्रश हातात येतो, तेव्हा ‘मला जमेल’ असं त्या मुलाला घोकावं लागत नाही. मागे जमलेल्या शेकडो कामांची त्याला आठवण असते.

अभ्यासात, खेळात, भाषणात हेच करता येईल. एकदम वक्तृत्व स्पर्धेला उभं करण्याआधी वर्गात एक सूचना वाचून दाखवू द्या, मग प्रार्थनेला बातम्या, मग दोन मिनिटांची ओळख. पायरी इतकी लहान ठेवा की ती चढता येईलच. ती चढल्यावर काय जमलं ते नेमकं सांगा. नुसतं ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘आज तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला’ असं म्हटलं, तर ते वाक्य मुलांकडे राहतं.

स्वतःचा मान आणि दुसऱ्याचा मान

आता रोह्याकडे वळू. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात झाला. स्वाध्याय परिवार त्यांना ‘दादा’ म्हणतो आणि त्यांचा जन्मदिवस ‘मनुष्य गौरव दिन’ म्हणून पाळतो. १९९६ मध्ये त्यांना मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. त्यांच्या विचाराचा गाभा सरळ आहे : ईश्वर माझ्यात आहे, म्हणून मी क्षुद्र नाही, तो समोरच्यातही आहे, म्हणून तोही क्षुद्र नाही. श्रद्धा असो वा नसो, या मांडणीतला एक धागा प्रत्येक पालकानं घ्यावा असा आहे. आत्मगौरव आणि परसन्मान एकाच विचारातून निघतात. दुसऱ्याला कमी लेखून मिळवलेली उंची टिकत नाही, कारण जो सतत दुसऱ्याचं उणं मोजतो तो त्याच मापानं स्वतःलाही मोजत असतो.

विनोबाही वेगळ्या वाटेनं तिथेच पोचले. गुण म्हणजे घराचं दार आणि दोष म्हणजे भिंत, आत जायचं तर दारातूनच जावं लागतं, असं ते समजावून सांगत. गुण पाहायचे ते दुसऱ्याचे आणि स्वतःचेही, असा त्यांचा आग्रह होता.

दया-माया मुलांना शिकवता येते का? कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये ९ ते ११ वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांबरोबर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांनी चार आठवडे, दर आठवड्याला इतरांसाठी तीन चांगल्या गोष्टी केल्या. उरलेल्यांनी दर आठवड्याला कुठल्याही तीन ठिकाणांना भेट दिली. दोन्ही गटांतली मुलं आधीपेक्षा आनंदी झाली. मात्र चांगुलपणा करणाऱ्या मुलांना वर्गमित्रांची पसंती अधिक वाढून मिळाली. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव आत्मविश्वासाचं पक्कं बळ आहे.

शेजारच्या बाकाची जबाबदारी

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पेण-रोह्याच्या डोंगराळ भागातली कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलं जातात आणि शाळा सुटते. परत येणाऱ्या मुलीला ‘सकारात्मक विचार कर’ असं सांगणं हा अन्याय आहे. तिला आधी बुडालेला अभ्यास भरून काढणारे शिक्षक हवेत, वही हवी, आणि ‘इथे बस’ असं म्हणणारी एक मैत्रीण हवी. तिच्या मनातला आवाज काय म्हणेल हे बरंचसं तिच्या शेजारच्या बाकावर ठरतं. म्हणून स्वतःशी चांगलं बोलायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला दुसऱ्याच्या मनात चांगलं वाक्य पेरायलाही शिकवलं पाहिजे. दोन्ही धडे एकत्रच द्यायचे आहेत.

या आठवड्यात हे करून पाहा

मुलामुलींनो, रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत आज स्वतःला म्हटलेलं एखादं बोचरं वाक्य. दुसऱ्या ओळीत, हेच तुमचा जवळचा मित्र स्वतःबद्दल म्हणाला असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं, ते. दुसरी ओळ खरी असू द्या. शिवाय रोज एक चांगली गोष्ट न सांगता करा : एसटीत चढताना धाकट्या मुलाचं दप्तर धरा, कोणी बोलताना चुकलं आणि वर्ग हसला तर तुम्ही हसू नका, एकट्या बसणाऱ्याला डबा खायला बोलवा.

पालकांनो आणि शिक्षकांनो, तुलना आठवडाभर बंद ठेवा. चूक दाखवायची असेल तेव्हा कामाची दाखवा, मुलांवर शिक्का मारू नका. ‘तू आळशी आहेस’ म्हणण्याऐवजी ‘हा धडा तीन दिवस राहिला आहे, आज कुठून सुरू करूया?’ असं विचारा.

कधी कधी मनातला आवाज या उपायांनी शांत होत नाही. झोप-जेवण उडालं असेल, मूल सतत स्वतःला दोष देत असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

पुढच्या लेखांकात अपयशाबद्दल बोलू : निकालाच्या दिवशी घरात काय बोलावं आणि काय टाळावं. तोवर एवढंच करा. आज रात्री जेवताना मुलांना एक खरं, चांगलं, नेमकं वाक्य सांगा. ते त्यांच्याजवळ किती वर्षं राहील, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही.