उंची थांबते, गरज थांबत नाही

‘आता काय उंची वाढवायचीय का?’ पिट्युटरी ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या पन्नाशीच्या माणसाला डॉक्टरांनी ग्रोथ हार्मोन सुचवलं, की घरात हा प्रश्न हमखास निघतो. उंची वाढणार नाहीच. हाडांची टोकं केव्हाच जुळलेली असतात. पण चरबी, स्नायू आणि हाडांची घनता यांचा कारभार हे हार्मोन पुढेही बघतं. ते आटलं की पोट सुटतं, ताकद जाते, थकवा पाठ सोडत नाही.

‘वयानुसार ते सगळ्यांचंच कमी होतं’ हे खरं, पण तो आजार नव्हे. आजार होतो तो बहुधा ग्रंथीलाच इजा झाल्यावर: गाठ, शस्त्रक्रिया, रेडिएशन, डोक्याला जबर मार, बाळंतपणातला अतिरक्तस्राव. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, घोणस चावणं. जीव वाचतो, ग्रंथी मात्र निकामी होते आणि निदान कधीकधी काही वर्षांनी होतं.

वयानुसार होणारी घट आणि आजार यांची सरमिसळ जुनी आहे. 1990 साली अमेरिकेत साठीपुढच्या 12 पुरुषांना हे हार्मोन सहा महिने दिलं. स्नायू वाढले, चरबी घटली. एवढ्या भांडवलावर ‘तारुण्याच्या इंजेक्शना’चा धंदा उभा राहिला. धडधाकट माणसाने जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने ते टोचून घेणं म्हणजे सूज, सांधेदुखी आणि वाढलेली साखर विकत घेणं.

रक्तात एकदा पातळी मोजून निदान होत नाही. हे हार्मोन झोतांनी स्रवतं, त्यामुळे दिवसा ते जवळपास शून्य दिसलं तरी माणूस निरोगी असू शकतो. म्हणून इन्शुलिन किंवा ग्लुकागॉन देऊन ग्रंथीला डिवचून बघतात. इतर तीन पिट्युटरी हार्मोन्स आणि ग्रोथ हार्मोनचं काम रक्तात दाखवणारं आयजीएफ-1 आधीच कमी असतील, तर मात्र ही चाचणी सहसा लागत नाही.

कॅन्सरची भीती सगळ्यात मोठी. कॅन्सर सक्रिय असताना हे औषध देत नाहीत, हे पक्कं. पण उपचार घेणाऱ्या 15 हजारांहून अधिक प्रौढांच्या ‘किम्स’ या आंतरराष्ट्रीय नोंदींत एकूण कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकंच निघालं. मेंदूच्या घातक आजाराची जुनी धास्ती मृतदेहांतून काढलेल्या हार्मोनची होती. 1985 मध्ये ते थांबलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं आलं.

डोस मुलांपेक्षा बराच कमी, साधारण 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम रोज, आणि आयजीएफ-1 बघत हळूहळू वाढवायचा. आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आता आहेत. वर्षभरात काहीच फरक पडला नाही, तर पुढे चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

‘हे सुरू झालं, म्हणजे बाकीच्या गोळ्या सुटल्या’ हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. ग्रोथ हार्मोन सुरू झाल्यावर कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची झाकलेली कमतरता उघडी पडते, म्हणून स्टेरॉइडची गोळी आधी नीट बसवावी लागते, बंद करायची तर बातच नाही. आणि इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्या बाईला डोस जास्त लागतो. तीच गोळी सोडून पॅच लावला, तर तो कमी करावा लागू शकतो.